दिसली का?

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी फाल्गुनातली अमावास्या असते. घरोघरी काठी धुऊन ठेवण्याची, कडुनिंबाचा पाला आणण्याची लगबग चालू असते, आणि त्याच सुमारास पुण्या-मुंबईचे हौशी आकाशनिरीक्षक दुर्बिणी गाडीत टाकून एखाद्या आडगावच्या माळाकडे निघतात. चंद्र नसतो हे एक कारण. दुसरं कारण त्याहून मोठं. मार्चच्या अखेरीला मध्यरात्री डोक्यावर सिंह आणि कन्या या राशी येतात, आणि आकाशगंगेचा पट्टा तेव्हा क्षितिजाला टेकलेला असतो. आपल्याच आकाशगंगेची धूळ आडवी येत नसल्यामुळे नजर थेट बाहेर जाते, कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांपर्यंत. शार्ल मेसिए या फ्रेंच निरीक्षकाच्या यादीतले 110 पिंड एका रात्रीत पाहण्याची ‘मेसिए मॅरेथॉन’ याच दिवसांत होते. त्या यादीत सुमारे 40 दीर्घिका आहेत. मेसिएला त्या नकोच होत्या. तो धूमकेतू शोधत होता, आणि धूमकेतूसारखे दिसणारे पण जागचे न हलणारे हे धुरकट ठिपके त्याला फसवत. पुन्हा फसगत होऊ नये म्हणून त्याने यादी केली.

अशाच एका रात्री जुन्नर तालुक्यातल्या एका मळ्यालगतच्या माळावर दोन दुर्बिणी शेजारी शेजारी लागल्या होत्या. एक होती सत्तरीला आलेल्या निवृत्त वीज-अभियंत्याची. त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांची दुर्बीण तिपाईवर मावणारी, भिंग जेमतेम 50 मिलिमीटरचं. ती आपली आपण दीर्घिका शोधते, दर दहा सेकंदांनी एक फोटो घेते, फोटोवर फोटो चढवत जाते आणि चित्र टॅबलेटवर दाखवते. दहा पावलांवर भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणारी एक मुलगी होती. तिच्याकडे दहा इंची डॉब्सोनियन. लाकडी पेटीवर फिरणारी जाड नळी, मोटर नाही, वायर नाही. आरसा तिने स्वतः घासलेला.

या साध्या दुर्बिणीच्या नावामागे एक मोठा माणूस आहे. जॉन डॉब्सन 1944 ते 1967 या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात संन्यासी होता. तिथे राहून तो जहाजाच्या खिडकीच्या जाड काचा घासून आरसे करी, आणि रस्त्यावरच्या येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून चंद्र, शनी दाखवी. हौशी माणसाला मोठ्या आरशाची दुर्बीण परवडू लागली ती त्याच्या त्या लाकडी बैठकीमुळे.

वादाला निमित्त झालं ते वडिलांबरोबर आलेल्या एका आठवीतल्या मुलाचं. मुलीने त्याला सिंहेच्या मागच्या पायाजवळच्या एम 65 आणि एम 66 या दोन दीर्घिका लावून दिल्या. तो आयपीसला डोळा लावून लगेच मागे सरकला. “यात काहीच नाहीये.” मग तो टॅबलेटकडे गेला. तिथे त्याच दीर्घिका होत्या, शेजारी तिसरी एनजीसी 3628, तिच्या पोटातून गेलेला धुळीचा काळा पट्टा. मुलगा तिथून हलेना.

“बघितलंस?” काका म्हणाले. “नवख्या माणसाला दाखवायचं तर दिसेल असं दाखवावं. नाहीतर तो पुन्हा येत नाही. तुझ्या आयपीसमधून त्याला दिसलं काय, तर काही नाही.”

“काका, त्याने पाच सेकंदसुद्धा पाहिलं नाही. आणि त्याआधी तो मोबाईल बघत होता. चांगला प्रकाश पाहून आलेल्या डोळ्याला दीर्घिका दिसेलच कशी?”

मुलीचं म्हणणं शरीरशास्त्राला धरून होतं. उजेडातून अंधारात आल्यावर बाहुली काही क्षणांत मोठी होते, पण खरा बदल दृष्टिपटलात होतो आणि त्याला वीस-तीस मिनिटं लागतात. तिथल्या दंडपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य पुन्हा साठावं लागतं. पांढऱ्या उजेडाचा एक झोत, मोबाईलचा एक पडदा, की ते विरघळून जातं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तांबड्या उजेडाचा दंडपेशींवर फारसा परिणाम होत नाही, म्हणून आकाशदर्शनाच्या जागी टॉर्चवर लाल कागद बांधलेला असतो. दुसरी अडचण जागेची. आपण ज्या मध्यबिंदूने अक्षरं वाचतो तिथे दंडपेशी जवळपास नसतातच. टक लावून पाहिलं की अंधुक वस्तू नाहीशी होते. नजर जराशी बाजूला नेली, की तीच वस्तू वर येते. जुने निरीक्षक आणखी एक युक्ती करतात. नळीला बोटाने हलकी टिचकी मारतात. स्थिर असताना न दिसणारा डाग हलला की डोळ्याला कळतो.

“हे सगळं त्याला शिकवायला अर्धा तास लागेल,” काका म्हणाले. “रांगेत वीस माणसं उभी आहेत.”

“मग वीस जणांनी अर्धा तास शिकावं. रात्र काही लहान नाही.”

“तू आजच्या मुलांना ओळखत नाहीस असं नाही. पण जरा माझाही विचार कर. दहा इंची आरसा तरुण डोळ्याच्या बाहुलीपेक्षा सुमारे तेराशे पट प्रकाश गोळा करतो. माझी बाहुली तर आता सात मिलिमीटर उघडतच नाही. पाचवर थांबते.”

“बाहुलीचं सोडा. आयपीस बदलला, वर्धन थोडं वाढवलं, की बाहेर पडणारा झोत पाच मिलिमीटरच्या आत येतो. सगळा प्रकाश तुमच्या डोळ्यात जातो.”

“जातो. पण पुढे काय होतं? डोळ्यातलं भिंग वयाने पिवळं झालंय. दंडपेशी कमी झाल्यात. अंधाराला सरावायला तुला वीस मिनिटं लागत असतील, मला त्याहून बरीच जास्त. एके काळी शामशबलातली एम 51 मला बाहूंसकट दिसायची. नंतर दोन ठिपके दिसायला लागले, मग एकच. कॅमेरा घेतला तेव्हा ती मला परत मिळाली. माझ्यासाठी हा टॅबलेट म्हणजे चष्मा आहे.”

यावर मुलगी थोडी थांबली. ज्या माणसाने आधी डोळ्याने पाहिलं आहे आणि मग ज्याचा डोळा थकला आहे, त्याच्यापुढे डोळ्याचं कौतुक सांगणं सोपं नसतं.

एम 51 चं नाव निघालं, तेव्हा बोलणं आयर्लंडला गेलं. सप्तर्षींतल्या मरीची या शेपटीच्या टोकाच्या ताऱ्याजवळची ही दीर्घिका मेसिएने 1773 साली नोंदवली. 1845 मध्ये लॉर्ड रॉसने बर येथे 72 इंची दुर्बीण उभारली आणि तिच्यातून पाहून एम 51 चं रेखाटन केलं. सर्पिल आकार मानवाने पहिल्यांदा ओळखला तो या रेखाटनात. “फोटो नव्हता, काका. डोळा, पेन्सिल आणि पुष्कळ रात्री.”

“मान्य. पण रॉसला कळलं का, की ही आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची वस्तू आहे? नाही कळलं. पुढची पाऊणशे वर्षं कुणालाच खात्रीने कळलं नाही. 1923 च्या ऑक्टोबरात हबलने देवयानी दीर्घिकेचा फोटो घेतला. त्या काचेवर एका ताऱ्यापुढे नवतारा म्हणून ‘एन’ लिहिलं होतं, ते खोडून त्याने ‘व्हीएआर’ असं लिहिलं. बदलता तारा! त्या ताऱ्याच्या चढउतारावरून अंतर निघालं आणि देवयानी बाहेर गेली. डोळा दर क्षणाला पाटी पुसतो. दशांश सेकंदाहून जास्त काळ तो प्रकाश साठवू शकत नाही. काच तासन्‌तास साठवते. ज्यांना तू दीर्घिका म्हणतेस त्यांना दीर्घिका कॅमेऱ्याने केलं.”

काकांचा हा मुद्दा बिनतोड आहे. वर्धन कितीही वाढवा, पसरट वस्तूची दर चौरस अंशाची चकाकी कुठलीही दुर्बीण नुसत्या डोळ्याला दिसते त्यापेक्षा वाढवू शकत नाही. ती वस्तू मोठी करते, तेजस्वी करत नाही. एम 101 ही दीर्घिका कागदावर आठव्या प्रतीची, म्हणजे सोपी. पण तिचा प्रकाश इतक्या मोठ्या चकतीवर पसरलेला आहे की शहराजवळ ती मोठ्या दुर्बिणीतूनही हाती लागत नाही. अशा वेळी डोळ्याला एकच मदत मिळू शकते: पाठीमागचं आकाश अधिक काळं असणं. कॅमेऱ्याला दुसरी मदतही मिळते, ती वेळेची.

मुलीने मग रंगांवर बोट ठेवलं. टॅबलेटवर एम 66 चे बाहू निळसर दिसत होते. “हा रंग कुणाच्याही डोळ्याला आयपीसमधून दिसणार नाही. दंडपेशींना रंग कळत नाही. मुलं हे चित्र डोक्यात घेऊन दुर्बिणीशी येतात आणि करडा डाग पाहून हिरमुसतात.”

“रंग खोटा नाही गं. निळं दिसतंय तिथे तरुण, तापलेले तारे आहेत. तो प्रकाश तिथून खरंच निघालाय. तुझ्या डोळ्याला तो पेलत नाही, यात चित्राचा काय दोष?”

मग शोधांचा हिशेब सुरू झाला. मुलीने ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्ट इव्हान्सचं नाव काढलं. हा चर्चचा धर्मोपदेशक. त्याने हजाराहून अधिक दीर्घिकांचा चेहरा पाठ केला होता. एकेका दीर्घिकेवर नजर टाकून तो पुढे जाई आणि एखाद्या ठिकाणी एक ठिपका जास्त दिसला की त्याला कळे. अशा रीतीने, आयपीसला डोळा लावून, त्याने चाळीसहून अधिक अतिनवतारे शोधले. काकांनी उत्तरादाखल अर्जेंटिनाच्या रोसारियोतला हौशी निरीक्षक व्हिक्टर बूसो आणला. 20 सप्टेंबर 2016 च्या रात्री तो नवा कॅमेरा तपासून पाहत होता, दुर्बीण एनजीसी 613 या दीर्घिकेवर होती, आणि त्याच्या फोटोंच्या मालिकेत अतिनवताऱ्याच्या स्फोटाची पहिली उसळी सापडली. तो क्षण पकडणं व्यावसायिकांनाही जवळपास अशक्य असतं. जपानच्या कोइची इतागाकी यांनी 19 मे 2023 ला एम 101 मध्ये अतिनवतारा शोधला तोही कॅमेऱ्यानेच, आणि त्यानंतरचे काही आठवडे जगभरच्या हौशी लोकांनी तो मध्यम दुर्बिणीतून पाहिला. देवयानीच्या शेजारची ऑक्सिजनच्या प्रकाशातली प्रचंड कमान तर तिघा हौशी छायाचित्रकारांच्या पुढाकाराने उजेडात आली, शंभराहून अधिक तासांच्या छायाचित्रणानंतर. मोठमोठ्या वेधशाळांच्या नजरेतून ती सुटली होती.

“म्हणजे शोधाचा काळ आता माझ्या बाजूला आहे,” काका म्हणाले.

“तुमच्याही नाही, काका. आता स्वयंचलित दुर्बिणी रोज आकाश चाळतात. इव्हान्स आज असता तर त्याच्या आधी त्यांना सापडलं असतं, आणि तुमच्याही आधी. शोधासाठी आपण दोघं इथे आलेलो नाही. आणि डोळ्याचं काम संपलंय असंही नाही. ‘सायन्स’मध्ये 2023 साली आलेला तो निबंध आठवतो? जगभरच्या लोकांनी नुसत्या डोळ्यांनी किती तारे दिसतात ते कळवलं. 2011 ते 2022 मधल्या एक्कावन्न हजारांवर नोंदी. त्यातून निघालं की आकाश दरवर्षी सरासरी साडेनऊ टक्क्यांहून जास्त उजळतंय. उपग्रहांना हे एवढं दिसलं नव्हतं, कारण पांढऱ्या एलईडीतला निळा भाग त्यांच्या यंत्रांना टिपता येत नाही.”

हे वाक्य मळ्याचे मालक ऐकत होते. ते चहाची किटली घेऊन आले होते. माळ त्यांचाच. सप्तर्षींना ते खाटलं म्हणतात आणि मृगातल्या तीन ताऱ्यांना तिकांडं, आणि रात्री ते दोन्ही कुठे असतात हे त्यांना घड्याळाइतकं ठाऊक आहे. ते म्हणाले, “तुम्हाला अंधार पायजे, ते ठीक. पण शेतीची लाइट आमच्याकडं रात्रीची येती. बाराला मोटर चालू कराय उसातनं जावं लागतं. बिबट्या उसातच असतो. दिवा नको कसं म्हणू?”

त्या रात्रीचा सर्वांत खरा प्रश्न हाच होता. शहरातून येऊन गावाला अंधार ठेवायला सांगणाऱ्या प्रत्येकाने याचं उत्तर आधी दिलं पाहिजे. जुन्नरच्या उसातले बिबटे ही गोष्ट नाही, रोजची धास्ती आहे.

उत्तर काकांनी दिलं, आणि ते देताना त्यांची नोकरीतली वर्षं बोलली. “आबा, दिवा नको असं कुणीच म्हणत नाही. दिवा खाली बघणारा पाहिजे. तुमच्या वाटेवरचा तो फोकस सरळ डोळ्यात येतो. त्याच्या पलीकडच्या सावलीत काय बसलंय ते तुम्हाला दिसतच नाही. वर टोपी लावा, झोत वाटेवर पाडा, कमी वॅटमध्ये जास्त दिसेल. आणि वाटेवर कुणी आलं की लागणारा सेन्सर बसवा. निम्मा प्रकाश आभाळात जातोय, त्याचं बिल तुम्ही भरताय.”

महाराष्ट्रात हे घडलेलं आहे. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेकडून ‘डार्क स्काय पार्क’ ही मान्यता मिळाली, देशात पहिली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली झोत टाकणारे बसवले गेले. गावं अंधारात गेली नाहीत. लडाखमध्ये हानले इथे 2022 साली राखीव अंधारक्षेत्र जाहीर झालं. तिथल्या गावकऱ्यांना दुर्बिणी देऊन, शिकवून पर्यटकांना आकाश दाखवण्याचं काम दिलं गेलं. अंधारातून गावाला उत्पन्न मिळू शकतं हे तिथे दिसलं. जुन्नर, भीमाशंकर, मुळशी या पट्ट्यात हे का होऊ नये?

मध्यरात्र उलटली. कन्या राशी माथ्यावर आली. डॉब्सोनियन वापरणाऱ्यांना ही वेळ नकोशी असते, कारण नळी सरळ उभी झाली की ती बाजूला वळवणं कठीण जातं. मुलीने तरी उत्तरा फाल्गुनीपासून सुरुवात केली आणि एकेका ताऱ्यावरून पुढे सरकत मार्केरियनची माळ लावली. एका दृश्यात एम 84, एम 86 आणि त्यांच्या शेजारच्या आणखी काही. कन्येच्या दीर्घिकासमूहात अशा हजाराहून अधिक आहेत, आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर. त्यांतली एम 86 सेकंदाला 240 किलोमीटरच्या वेगाने आपल्या दिशेने येते आहे. जवळच एम 87 आहे, जिच्या केंद्रातल्या कृष्णविवराची प्रतिमा 2019 मध्ये जगाने पाहिली.

मग तिने काकांना बोलावलं. “एक तारा दाखवते. डोळ्यानेच बघा.”

वर्धन वाढवलेलं होतं. वर्धन वाढलं की मागचं आकाश काळं होतं, पण ताऱ्यासारखा बिंदू बिंदूच राहतो. वयस्क डोळ्याला अशी वस्तू पसरट दीर्घिकेपेक्षा पुष्कळ सोपी. काकांनी वेळ घेतला. नजर बाजूला नेली, परत आणली. “आहे. अगदी बारीक. कोणता हा?”

“3 सी 273. क्वेसार.”

1963 मध्ये मार्टेन श्मिट यांनी याच्या वर्णपटाचं कोडं सोडवलं आणि हा दिसायला तारा, असायला एका दूरच्या दीर्घिकेचा जळता गाभा आहे हे कळलं. तेराव्या प्रतीचा हा बिंदू सुमारे 240 कोटी प्रकाशवर्षांवर आहे. तो प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर प्राणी नव्हते, वनस्पती नव्हत्या. काकांनी आपली दुर्बीण त्याच जागी वळवली आणि पाच मिनिटं फोटो साठवू दिले. टॅबलेटवर आला तो बिंदूच. रंग नाही, बाहू नाहीत. इथे कॅमेऱ्याकडे डोळ्याहून अधिक दाखवण्यासारखं काही नव्हतं.

आठवीतला मुलगा तोवर तासभर अंधारात होता, मोबाईल वडिलांच्या खिशात. त्यालाही तो बिंदू दिसला. मग त्याने स्वतःहून सिंहेतल्या दीर्घिका पुन्हा मागितल्या, आणि या वेळी नजर बाजूला नेऊन दोन्ही दाखवल्या: ही लांबट, ही जरा जाड. टॅबलेटवर तो पुन्हा गेला तेव्हा दोन चित्रं जुळवत होता.

दोघंही बरोबर, असं म्हणून या वादातून सुटका करून घेता येणार नाही. काकांच्या वयाला, शोधाला, शिकवायला कॅमेरा हवाच. पण आकाशदर्शनाला पहिल्यांदा आलेल्या माणसाच्या बाबतीत मुलीचं म्हणणं खरं आहे. आधी आयपीस, मग टॅबलेट. चित्र आधी पाहिलं की डोळा करडा डाग नाकारतो. डाग आधी पाहिला की चित्र त्या डागाचा अर्थ सांगतं. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या, मुंबईच्या खगोल मंडळासारख्या जुन्या संस्थांच्या निरीक्षणांत ही शिस्त पुढेही राहावी. ज्या हौशी गटांचे कार्यक्रम सध्या टॅबलेटच्या उजेडात चालतात, त्यांनी पहिला अर्धा तास सगळे पडदे बंद ठेवून पाहावं.

वाचकाला या वर्षी जायचं असेल, तर फाल्गुन आणि चैत्र या दोन अमावास्यांच्या आसपासची शनिवार-रविवारची रात्र धरावी. पावसाळ्यानंतर जायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये देवयानी नुसत्या डोळ्यांनी दिसते, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची. लाल कागद लावलेला टॉर्च न्यावा, मोबाईल गाडीत ठेवावा, अंधारात अर्धा तास झाल्याशिवाय रांगेत उभं राहू नये. आणि ज्या गावात रात्र काढाल, तिथल्या सरपंचांशी सकाळी दिव्यांच्या टोप्यांबद्दल एकदा बोलून मगच निघावं.